आईची सहा बोटं आणि युरोपचं दप्तर

रावेरकर:
बहिणीच्या बाळंतपणासाठी आईला जर्मनीला पाठवायचंय. मागच्या महिन्यात शेंगेन व्हिसासाठी (युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा) रात्रीच्या गाडीने मुंबईला नेलं. तिने काचेवर चार बोटं ठेवली, पडद्यावर लाल. पुसून ठेवली, परत लाल. चाळीस वर्षं केळीच्या चिकात गेलेले हात, रेषा उरल्यात कुठे? काउंटरवरची मुलगी म्हणे, "काकू, जोर लावा." आई माझ्याकडे बघून म्हणाली, "आता काय काच फोडू का?" शेवटी सहा बोटं लागली. व्हिसा आला, त्याची तक्रार नाही. पण ती सहा बोटं आता पाच वर्षं त्या देशांच्या व्हीआयएस नावाच्या, व्हिसा मागणाऱ्यांची माहिती ठेवणाऱ्या सामाईक दप्तरात. वकिलाती बघणार, सीमेवरचे अधिकारी बघणार, दहशतवादाच्या नि गंभीर गुन्ह्यांच्या तपासात पोलीस आणि युरोपोल ही युरोपीय संघाची पोलीस संस्थासुद्धा. नातवाला न्हाऊ घालायला निघालेल्या बाईचे ठसे पोलिसांच्या आवाक्यात कशाला?

धुळेकर ७२:
भाऊ, मशीन नीट नाही म्हणून दप्तरच नको, हे पटत नाही. आधी एका वकिलातीने नाकारलं की लोक कागद बदलून दुसरीच्या दारात उभे राहायचे. आपल्याकडे नावाचं स्पेलिंग शाळेच्या दाखल्यावर एक, पासपोर्टवर दुसरं. बोट मात्र तेच राहतं. शिवाय एकदा दिलेले ठसे 59 महिने चालतात. मी 2022 ला दिले होते, पुढच्या खेपेला कागद एजंटाकडे दिले आणि मुंबईची चक्कर वाचली. ज्यांचे ठसे येतच नाहीत त्यांना नियमातच सूट आहे.

तापीकाठची ताई:
बोट तेच राहतं, वाचणारा चुकतो ना दादा! 2004 मध्ये माद्रिदच्या रेल्वे स्फोटांनंतर अमेरिकेच्या एफबीआयने तिथल्याच ओरेगॉन राज्यातल्या एका वकिलाला धरलं. ठसा जुळला म्हणे. स्पेनचे पोलीस आधीपासून शंका घेत होते, तरी दोन आठवडे आत. नंतर माफी मागितली. तो स्वतः वकील, प्रकरण त्याच्याच देशात आणि त्याच्याच भाषेत. रावेरच्या काकूंनी काय करायचं? आणि 2015 ला अमेरिकी सरकारच्या कर्मचारी कार्यालयातून 56 लाख लोकांचे ठसे चोरीला गेले. पासवर्ड बदलता येतो, बोट कुठून आणायचं?

धुळेकर ७२:
बँकेवर दरोडा पडतो म्हणून पैसे कोणी मडक्यात ठेवत नाही. आपणही परदेशी पाहुण्यांचे ठसे घेतोच की. आणि आधार?

शहाद्याचे नाना:
आधार निघालंच म्हणून बोलतो. देशातलं पहिलं आधार 29 सप्टेंबर 2010 ला आमच्या तालुक्यात, टेंभलीत दिलं. मनमोहन सिंग, सोनिया गांधी आले होते. आज रेशन दुकानात अंगठा लागला नाही की दुकानदार सांगतो, नाना, बोट डोक्यावर घासा, केसांचं तेल लागू द्या. हसू नका, लागतो कधीकधी! नाहीच लागला तर तो मला ओळखतो. त्याने ऐकलं नाही तर तहसील आहे, तिथेही नाही ऐकलं तर मोर्चा आहे. व्हीआयएसचं मुख्य यंत्र फ्रान्समध्ये, स्ट्रासबर्गला. तिथे मोर्चा कसा नेणार?

धुळेकर ७२:
मोर्चाची गरज नाही नाना. आपली माहिती बघायचा आणि चूक दुरुस्त करून घ्यायचा हक्क त्यांच्या कायद्यात आहे. अर्जावर सहीच्या वरच छापलेलं असतं.

तापीकाठची ताई:
कोणत्या भाषेत?

रावेरकर:
इंग्रजीत, ताई. धुळेकर दादा, मजकूर खरंच आहे, आत्ता झेरॉक्स काढून बघितली. चक्कर वाचते हेही मान्य. पोलिसांचं मात्र अजून पटत नाही. आणि तो मजकूर आईला कोणी वाचून दाखवला नाही. कोणी म्हणजे मीच. बोट ठेवून म्हणालो, "इथे सही कर," आणि पान उलटलं.

पुढच्या आठवड्यात निघतेय ती. विमानतळावर परत काच असू शकते असं बहिणीने सांगितल्यापासून रोज रात्री बोटांना खोबरेल चोळत बसते.