साठीनंतर टाचेच्या दुखापतीतून सावरल्यावर शर्यतीत केव्हा उतरावे?

कट्टेकरी (दादर)

नमस्कार. माझे वय ६२ आहे. बँकेत नोकरीला असताना पन्नाशीच्या आसपास मी धावू लागलो आणि निवृत्तीनंतर त्याचे व्यसनच जडले. शिवाजी पार्कभोवती पहाटे धावणाऱ्या एका गटात मी आहे. रविवारी आम्ही वरळी सी फेसपर्यंत, कधी त्याही पुढे जातो. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनमधली माहीमहून सुटणारी आणि सागरी सेतूवरून जाणारी अर्धमॅरेथॉन मी धावलेली आहे. परंतु माझा जीव रमतो तो मुंबई-ठाण्याच्या दहा किलोमीटरच्या स्थानिक शर्यतींत, कारण तिथे आपल्या वयोगटात पहिल्या तिघांत येण्याची आशा असते, आणि ती मला अजूनही आहे हे लपवण्यात अर्थ नाही.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस मूत्रमार्गाच्या संसर्गाने मी अंथरूण धरले होते. प्रतिजैविकांचा कोर्स संपवून पुन्हा धावू लागलो आणि थोड्याच दिवसांत डाव्या टाचेच्या मागची कंडरा, म्हणजे अकिलीस टेंडन, दुखू लागली. खंड पडल्यामुळे असे झाले असावे, अशी मी स्वतःची समजूत घातली. सोनोग्राफीत हाडापासून चार-पाच सेंटीमीटर वर कंडरा जाड झालेली दिसली, मात्र ती फाटलेली नव्हती. अस्थितज्ज्ञांनी शस्त्रक्रियेची गरज नसल्याचे सांगितले आणि जाता जाता "आता या वयात चालणे पुरे" असेही सुनावले. फिजिओथेरपीने बराच फरक पडला. सध्या सपाट रस्त्यावर सहा किलोमीटर सावकाश धावताना दुखत नाही, सकाळी पलंगावरून उतरल्यावर पहिली काही पावले तेवढी आखडल्यासारखी वाटतात.

माझा बेत असा आहे की, पावसाळ्यात एखादी पाच किलोमीटरची शर्यत धावून पाहावी, कारण अंतर कमी म्हणजे धोका कमी, आणि ती निभावली तर जानेवारीकडे पाहावे. अडचण अशी की जानेवारीची नोंदणी कित्येक महिने आधी करावी लागते, म्हणजे पाय पुरता बरा होण्याआधीच निर्णय घ्यावा लागणार. नुसते धावण्याजोगे होणे आणि शर्यतीजोगे होणे यांतला फरक कशावरून ओळखावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

फिजिओ_परळ

कट्टेकरी साहेब, अंतर कमी म्हणजे धोका कमी हे आपले गृहीतकच तपासून पाहायला हवे. अकिलीस कंडरेच्या बाबतीत अंतरापेक्षा वेग आणि चढ अधिक त्रासदायक ठरतात. वेग वाढला की पोटरीच्या स्नायूंना प्रत्येक पावलागणिक अधिक जोराने जमीन मागे रेटावी लागते आणि तो सगळा ताण याच कंडरेतून जातो. पाच किलोमीटरची शर्यत कोणी सावकाश धावत नाही, आणि वयोगटातल्या क्रमांकावर डोळा असणारा तर नाहीच नाही. सुरुवातीच्या कमानीखालची ती मुसंडी आणि शेवटच्या दोनशे मीटरांतली चढाओढ, या दोन गोष्टी तुमच्या टाचेला सावकाश धावलेल्या दहा किलोमीटरपेक्षा महागात पडू शकतात. त्यामुळे क्रम उलटा करावा : आधी सपाट रस्त्यावरचा वेळ वाढवावा, नंतर सौम्य चढ घ्यावेत आणि वेग सर्वांत शेवटी आणावा.

तयारी ओळखण्यासाठी मी घड्याळाऐवजी जिन्याची पायरी वापरतो. कठड्याला बोटांचा नुसता आधार देऊन एका पायावर उभे राहावे, टाच पूर्ण वर उचलावी, सावकाश खाली आणावी, आणि उंची कमी होऊ न देता असे किती वेळा जमते ते दोन्ही पायांनी वेगवेगळे मोजावे. पाठ्यपुस्तकांत निरोगी प्रौढासाठी २५ हा आकडा दिलेला असतो. साठीनंतर तो साहजिकच कमी होतो, म्हणून आपल्याच चांगल्या पायाशी तुलना करणे उत्तम. दुखऱ्या पायाची मजल चांगल्या पायाच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास पोहोचेपर्यंत मी कोणालाही बिब, म्हणजे शर्यतीचा छातीवरचा क्रमांक, लावू देत नाही. हीच चाचणी गुडघा किंचित वाकवूनही करावी, कारण पोटरीतला खोलवरचा सोलियस स्नायू धावताना शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार पेलतो आणि गुडघा ताठ ठेवून केलेल्या व्यायामात त्याची कसोटी पुरेशी लागत नाही.

स्वीडनच्या हाकान आल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये मांडलेला व्यायामक्रम आपल्याला दिला गेला असेलच : पायरीच्या कडेवरून टाच हळूहळू खाली सोडणे, १५ च्या तीन फेऱ्या गुडघा ताठ ठेवून आणि तितक्याच गुडघा वाकवून, दिवसातून दोनदा, १२ आठवडे, आणि सोपे वाटू लागले की पाठीवरच्या सॅकमध्ये वजन टाकत जाणे. (आमच्याकडे येणारे बहुतेक जण तांदळाच्या पिशव्या टाकतात, त्या उत्तम चालतात.) कंडरा हाडाला चिकटते तिथेच दुखत असते तर टाच पायरीच्या खाली न नेण्यास सांगितले असते. तुमचे दुखणे त्याच्या वर असल्याने ती अडचण नाही. पण दुखणे थांबले की लोक व्यायाम थांबवतात, आणि ताकद मात्र दुखण्याच्या कितीतरी मागून येते.

धावताना किंचितही दुखता कामा नये, असा नियम नाही. संपूर्ण विश्रांतीने कंडरा उलट दुबळी होते. शून्य ते दहाच्या मापावर पाचपर्यंतचे दुखणे चालेल, पण ते दुसऱ्या सकाळपर्यंत मूळपदावर यायला हवे आणि आठवड्यामागून आठवडा सकाळचा ताठरपणा वाढता कामा नये, असा एक मान्यताप्राप्त दंडक आहे. साठीपुढच्या धावकांसाठी मी स्वतः तीनच्या वर जाऊ देत नाही. हा माझा सावधपणा समजा. शर्यतीच्या सकाळी वेदनाशामक गोळी घेऊन धावणे मात्र पूर्ण वर्ज्य. त्याने इशारा झाकला जातो, आणि घामाने शरीर कोरडे पडलेले असताना या गोळ्या मूत्रपिंडांनाही जड जातात.

कान्हेरीवाला (बोरिवली)

मी ६७ वर्षांचा आहे. माझा उजवा पाय याच दुखण्यातून गेला आहे, त्यामुळे वरच्या प्रतिसादातल्या चढाच्या मुद्द्याला मनापासून अनुमोदन. राष्ट्रीय उद्यानाच्या मुख्य फाटकापासून कान्हेरी लेण्यांपर्यंतचा रस्ता सुमारे सहा किलोमीटरचा आहे. पहाटे तिथे जी हवा मिळते ती मुंबईत इतरत्र दुर्मीळ, पण शेवटचा टप्पा चढणीचा आहे. बरे होण्याच्या काळात मी चढ लागताच मागे वळत असे, आणि बरोबरचे तरुण वरून परत येताना मला पुन्हा गाठत.

शर्यतीबद्दल माझा सल्ला असा की, पहिल्या खेपेला पेसरच्या 'बस'मध्ये, म्हणजे त्याच्यामागे धावणाऱ्या घोळक्यात, चढावे. झेंडा घेऊन ठरलेल्या वेळेत धावणाऱ्या पेसरमागे, आपल्या जुन्या वेळेपेक्षा बऱ्यापैकी संथ बस निवडून, शेवटपर्यंत तिच्यातच राहावे. वेळ घसरल्याचे वाईट वाटणारच. त्यासाठी वयानुसार गुणांकन पाहावे : आपल्या वयासाठी ठरवलेल्या प्रमाणवेळेला आपल्या वेळेने भागले की टक्केवारी मिळते, आणि पंचावन्नाव्या वर्षीच्या स्वतःशी आजच्या स्वतःची बरोबरी न्याय्य पद्धतीने करता येते. ज्येष्ठांच्या जागतिक स्पर्धांत पस्तिशीपासून पुढे पाच-पाच वर्षांचे गट असतात ते याच न्यायाने. आपल्याकडच्या कित्येक स्थानिक शर्यतींत साठीवरच्या सगळ्यांना एकाच गटात कोंबतात, तेव्हा ६१ वर्षांच्या ताज्या दमाच्या गृहस्थाशी मी कशाला झगडू?

कॅनडाचे एड व्हिटलॉक यांनी २००४ मध्ये टोरांटोला, वयाच्या ७३ व्या वर्षी, २ तास ५४ मिनिटे ४८ सेकंदांत मॅरेथॉन पूर्ण केली. त्यांचा सराव म्हणजे घराजवळच्या दफनभूमीत तासन् तास संथ फेऱ्या. दुखापतींमुळे त्यांच्याही धावण्यात मोठे खंड पडत. आपण व्हिटलॉक नव्हे हे मान्य, पण सराव संथ असू शकतो एवढे तरी त्यांच्याकडून घेता येते.

मुलुंडकरीण

कान्हेरीवाला काका, आपला अनुभव मोठा आहे, तरी बसच्या सल्ल्याशी मी सहमत नाही. कट्टेकरी काकांनी स्वतःच लिहिले आहे की त्यांना पहिल्या तिघांत यायचे आहे. असा माणूस सात किलोमीटर बसमध्ये बसेल, आणि आठव्याला आपल्या गटातली ओळखीची पांढरी टोपी पुढे दिसली की खाली उडी मारेल. माझे वडील याच जातीचे आहेत, म्हणून ठामपणे सांगते. संयमाच्या भरवशावर राहण्यापेक्षा शर्यतच अशी निवडावी की मोह कमी आणि माघार सोपी असेल.

माघार सोपी म्हणजे काय, तर एकाच छोट्या रस्त्यावर फेऱ्या मारायच्या असतील अशी शर्यत. पाय कुरकुरला तर फेरी संपताच बाजूला होता येते आणि ठेवलेली बॅग हाताशी असते. याउलट सागरी सेतूवर मध्येच टाच धरली, तर वरळीच्या टोकाला पोहोचेपर्यंत सुटका नाही. ते टोक गाठेस्तोवर "आता एवढे आलोच आहोत तर" हा विचार बळावतो, आणि हाजी अलीच्या पुढे पेडर रोडचा चढ वाट पाहत असतो. साताऱ्याच्या डोंगरी अर्धमॅरेथॉनचे नावही यंदा काढू नये. यवतेश्वरचा घाट अशा टाचेसाठी नाही.

पावसाळ्यातली शर्यत मी तरी टाळली असती. पाण्याखालचा खड्डा दिसत नाही, ओल्या पेव्हर ब्लॉकवरून पाय सरकतो, आणि एकदा पाय सरकला की सावरताना पोटरीला जो हिसका बसतो तो कोणत्याही व्यायामक्रमात लिहिलेला नसतो. सरावातही रस्त्याच्या कडेचा उतार टाळावा, नाहीतर एकाच बाजूच्या पायावर रोज वेगळा ताण येत राहतो. जुहूची भुसभुशीत वाळू मऊ वाटते म्हणून लोक तिकडे वळतात, पण तिच्यात टाच रुतते आणि कंडरा अधिक ताणली जाते. कोरडा, सपाट डांबरी रस्ता आणि टाचेकडे थोडी उंची असलेले बूट, एवढे पुरे.

कट्टेकरी (दादर)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मुलुंडकरीण ताई, पांढऱ्या टोपीचा उल्लेख वाचून घरात सगळे हसले, कारण आमच्या गटात ती टोपी खरोखरच आहे.

फिजिओ साहेबांनी सांगितलेली चाचणी इमारतीच्या जिन्यात करून पाहिली. डाव्या पायाची मजल उजव्याच्या जेमतेम निम्मी भरली, आणि गुडघा वाकवून केली तेव्हा त्याहूनही कमी. सहा किलोमीटर न दुखता धावणाऱ्या पायाची ही अवस्था असेल असे वाटले नव्हते. पाच किलोमीटरची शर्यत रद्द केली आहे. जानेवारीसाठी अर्धमॅरेथॉनऐवजी दहा किलोमीटरची नोंदणी करीन आणि डिसेंबरात नव्वद टक्क्यांचा आकडा गाठला नाही तर नोंदणीचे पैसे गेले असे समजेन. दिवाळीनंतर फेऱ्यांची एखादी शर्यत मिळाली तर मात्र तिच्यात उतरण्याचा विचार आहे.

निवृत्त_औषधविक्रेता (गिरगाव)

चर्चा उत्तम चालली आहे, पण मूळ प्रश्नातले एक वाक्य सर्वांच्या नजरेतून निसटले, असे वाटते. संसर्गासाठी जे प्रतिजैविक दिले होते त्याचे नाव काय होते? ते सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन किंवा त्याच गटातले असेल, तर टाचेच्या दुखण्याचा त्याच्याशी संबंध असू शकतो. हा गट कंडरांना इजा करू शकतो आणि त्यांत अकिलीसचा क्रमांक पहिला लागतो. अमेरिकेच्या औषध नियामकाने २००८ मध्ये या औषधांच्या माहितीपत्रकात चौकटीतला इशारा सक्तीचा केला. साठीपुढच्या व्यक्तींना आणि सोबत स्टेरॉइड घेणाऱ्यांना धोका अधिक असतो, आणि त्रास औषध सुरू असतानाच होईल असेही नाही, तो कोर्स संपल्यावर काही महिन्यांनीसुद्धा उद्भवू शकतो.

कट्टेकरी (दादर)

जुनी चिठ्ठी शोधून काढली. लिव्होफ्लॉक्सासिनच आहे. हे ना मला कोणी विचारले, ना मी कोणाला सांगितले.

निवृत्त_औषधविक्रेता (गिरगाव)

तेवढ्यावरून कारण सिद्ध होत नाही. खंडानंतर एकदम धावायला लागणे हेही पुरेसे कारण आहे. तरीही ती चिठ्ठी आपल्या अस्थितज्ज्ञांना आणि घरच्या डॉक्टरांना अवश्य दाखवावी, म्हणजे पुढे संसर्ग झाल्यास दुसऱ्या गटातले औषध देता येते का याचा विचार ते करतील. असे औषध चालू असताना टाच दुखू लागली तर धावणे त्याच दिवशी थांबवून डॉक्टरांना फोन करावा, गोळी मात्र त्यांना विचारल्याशिवाय बंद करू नये. आणि टाचेत स्टेरॉइडचे इंजेक्शन घेण्याचा सल्ला कोणी दिला, तर होकार देण्यापूर्वी ही चिठ्ठी त्यांच्यापुढे ठेवावी.