मेघालयातल्या केव्हिंग मोहिमेत नवख्याला घेतात का?

गडवाट_नाशिक: सह्याद्रीत सात-आठ वर्षं ट्रेक आणि वॉटरफॉल रॅपलिंग करतोय. मेघालयात दर हिवाळ्यात ब्रिटिश, जर्मन वगैरे केव्हर येतात आणि नकाशावर नसलेल्या गुहा शोधतात असं कळलं. तिथे नक्की करतात काय? मला झेपेल का? आणि आपल्याकडे तशा गुहा का नाहीत?

दगडधोंडा: आपला दगड बेसाल्ट, तो पाण्यात विरघळत नाही. लेणी तर माणसानं कोरलेली. तिकडे चुनखडी आहे, पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन फटीत मुरतं आणि लाखो वर्षं दगड खात राहतं, म्हणून क्रेम लियाट प्राहसारखी ३० किमीहून लांब गुहा तयार होते. खासीत क्रेम म्हणजे गुहा.

अनुजा_के: मी मेघालयातल्या जैंतिया हिल्सला अशाच एका टीमबरोबर चार दिवस होते. काम म्हणजे मोजणी, आणि मोजणीच. एक जण पुढे जाऊन दगडावर नेलपॉलिशचा ठिपका देतो, दुसरा त्यावर लेसर मारून अंतर, दिशा, चढउतार सांगतो, तिसरा वहीत लिहितो आणि भिंती काढतो. मी वही धरायचे. कागद पाण्यात न विरघळणारा, पण चिखलानं बोटं इतकी माखलेली की आकडा लिहायच्या आधी प्रत्येक वेळी पेन्सिल ओठांनी पुसायची. अख्ख्या दिवसात चारशे मीटर झाले. रात्री कॅम्पवर ते आकडे कॉम्प्युटरवर गेले आणि रेघ पुढे सरकली, तिथे माझ्या डोळ्यांत पाणीच आलं, कारण त्या जागेचा नकाशा त्या रात्रीपर्यंत जगात नव्हता.

गडवाट_नाशिक: भारी! तिथली क्रेम पुरी गुहा पण चुनखडीतली ना?

दगडधोंडा: नाही, ती वालुकाश्मातली, २४.५ किमी, त्या प्रकारातली जगात सगळ्यात लांब. या मोहिमा १९९२ पासून चालल्यात, मेघालय अ‍ॅडव्हेंचरर्स असोसिएशनच्या पुढाकारानं. घाई यासाठी पण आहे की सिमेंटसाठी तीच चुनखडी खणतात, गुहेची नोंदच नसेल तर ती वाचवा म्हणून कोण सांगणार?

अनुजा_के: दादा, रॅपलिंगवर विसंबू नका. धबधब्यावर आपण उतरतो आणि पायवाटेनं परत येतो, गुहेत त्याच दोरावरून वर चढावं लागतं, तेही भिजून दमल्यावर. आधी जुमारनं (दोरावर वर सरकते पण खाली घसरत नाही अशी पकड) ३० मीटर न थांबता चढायची सवय करा, मग त्या असोसिएशनला लिहा. पावसाळ्याचं विचारू नका, तेव्हा त्या गुहा पाण्यानं भरतात.

गडवाट_नाशिक: दोर आहे, जुमार मित्राकडे आहे. या रविवारीच सुरू करतो.