कानालेत्तो: नुसता पोस्टकार्डवाला?

व्हेनिसची दृश्यं रंगवणारा अठराव्या शतकातला चित्रकार कानालेत्तो याला कुणीतरी ‘पर्यटकांचा पोस्टकार्डवाला’ म्हटलंय. गिऱ्हाईक मुख्यतः इंग्रज उमराव होतं, हे खरंच. ऑस्ट्रियाच्या वारसायुद्धामुळे त्यांचं व्हेनिसला येणं आटलं, तसा १७४६ मध्ये हा गडी स्वतःच लंडनला जाऊन राहिला. पण तिथल्या नॅशनल गॅलरीतलं त्याचं ‘पाथरवटांचं आवार’ बघा. कालव्याकाठी दगड घडवणारे कारागीर, खिडकीशी कोंबडा, आणि डावीकडे एक पोर धडपडून पडता पडताच मुततंय. बाई झाडू सोडून धावलीय! असलं पोस्टकार्ड कोण घेईल? वडील नाटकाचे पडदे रंगवायचे, त्यामुळे प्रसंग मांडणं अंगात मुरलेलं असावं. पलीकडच्या चर्चचा उंच घंटामनोरा पुढे कोसळला. चित्रात मात्र तो अजून ताठ उभा आहे.