बायकोच्या गावी, मध्य जावात, भाताचं रान घ्यावं का?

कृष्णाकाठचा
नमस्कार मंडळी. माझं गाव कराडजवळ, नोकरी सिंगापुरात. बायको इंडोनेशियन, मध्य जावातल्या क्लातेन जिल्ह्यातली. चार वर्षांपूर्वी सिंगापुरातच नोंदणी पद्धतीने लग्न झालं. सासऱ्यांचं वय झालंय, गुडघे गेलेत. शेजारच्या माणसाला 1,800 चौरस मीटरचं भाताचं वावर विकायचंय, म्हणजे आपले जवळजवळ 18 गुंठे. सासरे म्हणतात तुम्हीच घ्या, पुढे त्यातच घर बांधा. सोलो-योग्या टोलरस्ता जिल्ह्यातून जातोय, भाव वाढणार, असं मेहुणा सांगतो. सासऱ्यांचं स्वतःचंही थोडं रान आहे, ते बायकोच्या नावावर करायचं त्यांच्या मनात आहे.

परदेशी नवऱ्याला कागदावर काय मिळतं? शेतीवर घर चालेल का? आणि गावात राहणं जमेल का? मागच्या खेपेला आठ दिवस राहिलो. पहाटे उठलं की समोर मेरापी ज्वालामुखी, खाली पाण्याने भरलेली रानं. मुलगी दोन वर्षांची आहे, तिला तिथे वाढवावं असं दोघांनाही वाटतं.

समुद्रपक्षी
बालीत माझ्या ओळखीच्या एकाने 25 वर्षांच्या भाडेकरारावर जागा घेतलीय. दुसऱ्याने स्थानिक मित्राच्या नावावर जमीन घेऊन आपसात करारपत्र केलंय. तुमच्याकडे तर बायकोच आहे, तिच्या नावावर घ्या की. विषय संपला.

क्लातेनची सून
विषय तिथेच सुरू होतो. मी मूळची इस्लामपूरची. बारा वर्षं झाली, डेलांग्गूजवळच्या एका गावात नांदतेय. सविस्तर लिहिते.

आधी कागद. मालकी हक्काला इथे 'हाक मिलिक' म्हणतात. पहिल्यांदा दस्त हातात आला तेव्हा त्यात हाक, वारिस, साक्सी असे शब्द दिसले आणि परक्या देशात असल्यासारखं वाटलंच नाही. पण 1960 च्या जमीन कायद्याने हाक मिलिक फक्त इंडोनेशियन नागरिकालाच मिळतो. समुद्रपक्षी, मित्राच्या नावावर जमीन घेतलेल्या तुमच्या माणसाला कृपा करून सांगा: परदेशी माणसाकडे मालकी नेण्यासाठी केलेला व्यवहार कायद्याने रद्द ठरतो, जमीन सरकारजमा होते आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत.

आता बायकोचं नाव. लग्नानंतर विकत घेतलेलं सगळं दोघांचं सामाईक धरतात. सामाईक म्हटलं की त्यात परदेशी माणसाचा हिस्सा आला, मग हाक मिलिक अडतो. त्याला उपाय एकच, मालमत्ता वेगळी ठेवण्याचा करार नोटरीकडे करायचा आणि तो नोंदवायचा. पूर्वी तो लग्नाआधीच करावा लागे. आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं. 2015 साली आम्ही 1,400 मीटरचं वावर ठरवलं, विसार दिला, आणि खरेदीच्या दिवशी नोटरीने माझा पासपोर्ट पाहून फाईल मिटली. विसार परत मिळायला आठ महिने गेले, तोही पुरता मिळाला नाही. आईने लग्नात घातलेले बिलवर मोडून उभे केलेले पैसे होते ते. पुढे 27 ऑक्टोबर 2016 ला इथल्या घटनात्मक न्यायालयाने निकाल दिला, की हा करार लग्न झाल्यावरही करता येतो. नवरा जपानी असलेल्या एका इंडोनेशियन बाईंनी तो दावा लढवला होता. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पुढच्याच वर्षी आम्ही करार करून घेतला.

सासऱ्यांच्या रानाची गोष्ट निराळी. बक्षीस म्हणून किंवा वारशाने आलेलं ते 1974 च्या विवाह कायद्याप्रमाणे तिचं एकटीचं. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: शेजाऱ्याच्या वावरामागे धावू नका, आधी घरचं रान कागदावर आणा, तेही भावांना समोर बसवून. जावात वाटणीला 'सपिकुल सगेंडोंगन' म्हणतात. मुलगा खांद्यावरच्या कावडीत दोन टोपल्या नेतो, मुलगी पाठीवर एक. काही घरांत सारखी वाटणीही करतात. तुमच्याकडे काय करायचं ते सासरे हयात असतानाच ठरू दे.

बायकोचं केटीपी, म्हणजे ओळखपत्र, कुठल्या पत्त्याचं आहे? शेतजमीन घेणारा त्याच केचामातानात (आपल्या तालुक्यापेक्षा लहान) किंवा लगतच्यात राहणारा हवा, असा 1961 पासूनचा नियम आहे.

'पुढे घर बांधा' हे सासरे मायेने म्हणाले असतील, पण ते वावर संरक्षित भातजमिनीत धरलेलं असेल तर घर बांधता येणार नाही. नकाशा बघितल्याशिवाय एक रुपियासुद्धा देऊ नका. टोलरस्ता ज्यांच्या रानातून गेला त्यांना मोबदला मिळाला. शेजारच्या भाताला तो भाव येईल ही मेहुण्याची आशा आहे, आणि आशेवर खरेदीखत होत नाही.

उत्पन्नाचं सांगते. 1,800 मीटरला एका हंगामात साधारण टनभर भात होतं. 2025 पासून सरकारी भाव किलोला 6,500 रुपिया, म्हणजे टनाचे 65 लाख, आपले तीस-पस्तीस हजार. तुम्ही सिंगापुरात, म्हणजे रान वाट्याने द्यावं लागणार. त्याला इथे 'मारो' म्हणतात, आपल्या अर्धलीसारखं. हातात राहतात पंधरा-सतरा हजार, चार महिन्यांनी, आणि त्यातूनही खताचा वाटा जातो. डेलांग्गूचा रोजोलेले तांदूळ आपल्या आंबेमोहरासारखा नावाजलेला, पण तो उंच वाढून लोळतो आणि पाच महिने रान अडवतो, म्हणून लावणारे थोडे. शिवाय उंदीर. शिवाय तपकिरी तुडतुडे. 2010-11 मध्ये तुडतुड्यांनी या भागातली रानंच्या रानं करपवली. सासूबाई अजून भांगलताना रोपाच्या बुडाशी वाकून वाकून बघतात.

तेव्हा शेतीवर घर चालणार नाही. पण राहणं जमतं का, हा तुमचा खरा प्रश्न आहे, आणि त्याला माझं उत्तर हो आहे.

आमच्या दाराशी एक लहानशी प्लास्टिकची वाटी टांगलेली आहे. रोज संध्याकाळी त्यात 500 रुपियाचं नाणं टाकायचं. रात्री गस्तीची माणसं बॅटरी घेऊन येतात, वाटी डब्यात उपडी करतात, खळ्ळ आवाज होतो, की पावलं पुढच्या दाराशी. पूर्वी नाण्याऐवजी चिमूटभर तांदूळ टाकत, म्हणून नाव 'जिम्पितान', म्हणजे चिमूट. त्यातून गल्लीतले दिवे लागतात, कुणाच्या मयताचा खर्च निघतो. पहिल्या बाळंतपणात मी तीन आठवडे वाटीकडे पाहिलंच नाही. कुणी अवाक्षर काढलं नाही. एका संध्याकाळी खिडकीतून पाहते तर शेजारच्या काकू आपल्या पदरचं नाणं माझ्या वाटीत टाकत होत्या. पुढे कळलं, पहिल्या दिवसापासून टाकत होत्या.

हे जसं मिळतं तसं द्यावंही लागतं. लग्नकार्य असलं की 'रेवांग', दोन-तीन दिवस त्या घरी कांदे चिरायला आणि भात शिजवायला बसायचं. आहेराची वही आपल्यासारखीच. लग्नसराईच्या बेसार महिन्यात एका हंगामाच्या भाताचे पैसे आहेरातच जातात. सुट्टीपुरतं येणाऱ्याला हे ओझं वाटतं, राहणाऱ्याला वाटत नाही.

कृष्णाकाठचा
ताई, तुमचा प्रतिसाद बायकोला मोठ्याने वाचून दाखवला. काकूंच्या नाण्याशी ती थांबली, डोळ्यांत पाणी. केटीपी जकार्ताचं आहे. सासऱ्यांना फोन केला. घरच्या रानाचं सर्टिफिकेट नाही, फक्त लेटर सी आहे, आणि त्यावर अजून त्यांच्या वडिलांचं नाव. शेजाऱ्याला उद्या विसार पाठवणार होतो, तो थांबवलाय. राहण्याच्या परवान्याचं काय असतं?

क्लातेनची सून
थांबवलात ते फार बरं केलंत.

परवान्याची अडचण नाही. बायकोच्या हमीवर कितास, म्हणजे मुदतीचा वास्तव्याचा परवाना, मिळतो, आणि लग्नाला दोन वर्षं होऊन गेली असल्याने पुढे किताप, म्हणजे कायमच्या वास्तव्याचा परवाना, मागता येतो. पण सिंगापुरातलं लग्न इंडोनेशियात नोंदवलंय का? ते आधी बघा. मुलीच्या नागरिकत्वाचाही विचार आत्ताच करा. उद्या रान बायकोकडून तुमच्याकडे वारशाने आलं, तर वर्षाच्या आत ते तुम्हाला सोडावं लागेल. मुलगी इंडोनेशियन नागरिक असेल तर तिच्याकडे राहील.

लेटर सी म्हणजे गावकचेरीतलं जुनं रजिस्टर, त्यावर आजोबाचं नाव असणं इथे नेहमीचंच. आजोबाचे सगळे वारस लिहून काढा, परगावी गेलेल्या आत्यासुद्धा. एकीची सही राहिली तर दहा वर्षांनी तिची मुलं दारात येतात, हे आमच्या गल्लीत घडलंय.

आणि घर बांधायची वेळ आली तर कौलांचा भार भिंतींवर टाकू नका, सळईचे खांब आणि तुळया हव्यातच. 27 मे 2006 च्या भूकंपात या जिल्ह्यातली नुसत्या विटांची घरं बसली, आमचं जुनं घर त्यातलंच.

सासऱ्यांना लेटर सीच्या त्या पानाचा फोटो काढायला सांगा, चारही कोपरे दिसतील असा. मला व्यक्तिगत निरोपात पाठवा. जुनी जावानीज अक्षरं असली तर सासूबाईंच्या भावाकडून वाचून घेते.