सुट्टीपुरती नोकरी: मुलाखतीत 'कायम राहीन' म्हणायचं का?

बिनपगारी:
सुट्टीत दोन-अडीच महिने काम करायचंय. कॉलेज सुरू झालं की सोडणार, हे ठरलेलंच आहे. 'फक्त सीझनपुरते' अशा जागा पटापट भरतात आणि उरलेल्या जाहिरातींत सगळीकडे 'दीर्घकाळ काम करणाऱ्यांनीच अर्ज करावा'. माझं मत विचाराल तर सांगायचं नाही. खरं सांगितलं की 'कळवतो' म्हणतात आणि तो फोन काही येत नाही. त्यांना गरज संपली की आपले तास निम्मे करतात नाहीतर सरळ घरी बसवतात, तेव्हा मुलाखतीत कोणी आधी सांगितलेलं असतं का? मग आपण एकट्यानेच हरिश्चंद्र का व्हायचं. बोला.

शिफ्टइनचार्ज:
मी टेबलाच्या पलीकडे बसतो म्हणून सांगतो. नवीन माणूस पहिले काही आठवडे कामाचा नसतो, उलट एक चांगला माणूस त्याच्यामागे अडकतो. रात्री कॅश कशी जुळवायची, परत आलेल्या मालाची एंट्री कुठे करायची, चिडलेल्या गिऱ्हाईकाला काय बोलायचं आणि मुख्य म्हणजे काय नाही बोलायचं. जरा कुठे हात बसतो आणि सकाळी मेसेज येतो, 'सर घरी प्रॉब्लेम झालाय, उद्यापासून जमणार नाही'. आता ती शिफ्ट मालक येऊन करत नाही. तुझ्या शेजारच्या काउंटरवर जी पोरगी उभी असते ना, जिने तुला सगळं शिकवलं, तिला डबल ड्युटी लागते. तुला वाटतं कंपनीला गंडवलं, गंडते ती.

तिरकस:
साहेब, एक माणूस गेला की कोलमडेल इतकी कमी माणसं ठेवायचा निर्णय कोणाचा? त्या पोरीचा की बिनपगारीचा? वाचवलेला पगार वर जातो आणि खापर फोडायला विद्यार्थी आहेतच. नोटीस पिरियड लिहिलाय ना कागदावर? तेवढी नोटीस दिली, विषय संपला. मनात काय प्लॅन आहे ते सांगायचा करार कोणी केलेला नाही.

शिफ्टइनचार्ज:
नोटीस दिली तर माझं काही म्हणणंच नाही हो! पण देतं कोण? नोटीस द्यायची तर 'कॉलेज सुरू होतंय' म्हणावं लागतं, आणि कॉलेज काय अचानक सुरू होतं का. म्हणजे आधीच माहीत होतं हे उघड होतं. म्हणून खोटं सांगून आलेला खोटं सांगूनच जातो, ती आजी दरवर्षी सुट्टी संपतानाच आजारी पडते. (हसू नका, खरंच.)

कोपऱ्यातली:
दोन गोष्टींची गल्लत होतेय इथे. न विचारलेलं न सांगणं वेगळं आणि विचारल्यावर खोटं बोलणं वेगळं. पुढच्या वर्षी कुठे असशील हे कायम नोकरीवालाही छातीठोक सांगत नाही, तोही गुपचूप दुसरीकडे अर्ज टाकत असतो, त्याला कोणी खोटारडा म्हणत नाही. पण फॉर्मवर 'कधीपासून कधीपर्यंत उपलब्ध' असा रकाना असेल आणि खाली 'वरील माहिती खरी आहे' यावर सही असेल, तर तिथे 'कायम' लिहिणं म्हणजे स्वतःच्या हाताने खोटं लिहून देणं. उद्या काढायचं झालं तर त्यांना आयतं कारण मिळतं.

बिनपगारी:
म्हणजे विचारेपर्यंत गप्प बसायचं. नरो वा कुंजरो वा.

तिरकस:
धर्मराजाचा रथ फक्त जमिनीला टेकला. युद्ध तर जिंकलाच की 😄

गणितवाला:
अकरलॉफ नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने 1970 मध्ये सेकंडहँड गाड्यांवर एक पेपर लिहिला होता, 2001 च्या नोबेलमध्ये त्याचा मोठा वाटा. मुद्दा असा की चांगली गाडी कुठली आणि खटारा कुठला हे गिऱ्हाईकाला कळत नाही, म्हणून ते सगळ्यांनाच मधला भाव देतं, मग चांगल्या गाडीवाले विकायलाच येत नाहीत आणि बाजारात खटारेच उरतात. इथे तेच चाललंय. सगळेच 'कायम राहीन' म्हणतात त्यामुळे त्या वाक्याला कवडीची किंमत राहिली नाही, मग विद्यार्थी दिसला की अर्ज बाजूला. जो पोरगा खरंच वर्षभर वीकेंडला येणार होता तोही त्याच गठ्ठ्यात जातो. तुम्हाला जो फोन येत नाही तो आधीच्या बॅचच्या आज्यांमुळे येत नाही.

तिरकस:
पेपरात ठीक आहे. मी एकटा खरं बोललो म्हणून बाजार सुधारणार आहे का? नाही. फी मला भरायचीये, बाजाराला नाही.

पाटीपुस्तक:
मी तारीख सांगूनच फिरले होते, नकार भरपूर आले, ते काही खोटं नाही. शेवटी जिथे मिळालं तिथे एक बाई लांबच्या रजेवर गेल्या होत्या, त्यांना बदलीवरच माणूस हवा होता. म्हणजे माझी शेवटची तारीख हीच त्यांना सोयीची होती! पुढच्या सुट्टीत त्यांनीच फोन केला, शिकवायचा त्रास नाही ना. तर 'जागा आहे का' असं विचारत फिरण्यापेक्षा 'कोणी रजेवर जाणार आहे का' असं विचार, ती जागा जाहिरातीत येतच नाही बऱ्याचदा. बाकी ज्याच्या घरी खरंच पैशांची निकड आहे त्याला मी उपदेश करणार नाही, तिथे तिरकसचं थोडं पटतं.

बिनपगारी:
बदलीचं डोक्यातच आलं नव्हतं, उद्या विचारतो. पण साधी मुलाखत असेल आणि त्यांनी तोंडावरच विचारलं किती दिवस राहणार, तर?

शिफ्टइनचार्ज:
तर तारीख सांग. आणि त्याच दमात सांग की रविवार आणि रात्रीच्या शिफ्ट करीन. त्या कोणी घेत नाही, मी तरी त्यासाठी दोन महिन्यांचा माणूस डोळे झाकून घेतो.

तिरकस:
आणि नाहीच घेतलं तर मला मेसेज कर, आजीचा ड्राफ्ट तयार आहे.