अमेरिकन माणूस समजतो तितकी त्याची लोकशाही मोकळी आहे का?

रारिटनकाठ

इथे न्यू जर्सीत मराठी मंडळी जमली की एक वाक्य हमखास कानावर पडतं: "काही म्हणा, लोकशाही असावी तर अशी." आजूबाजूचे अमेरिकन तर ते गृहीतच धरून चालतात. माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. इथे बोलण्याचं स्वातंत्र्य अफाट आहे, यात वादच नाही. पण मताचं स्वातंत्र्य त्या मानाने बरंच तोकडं आहे, आणि पहिल्याच्या गोंगाटात दुसरं कुणाच्या लक्षात येत नाही.

लांब कशाला जा, आमच्याच राज्यातली प्रायमरीची (म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानाची) मतपत्रिका घ्या. २०२४ पर्यंत इथल्या २१ पैकी १९ काउंट्यांत (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) अशी पद्धत होती की पक्षाच्या काउंटी शाखेने ज्यांना पाठिंबा दिला ते सगळे उमेदवार एकाच रकान्यात छापायचे. वर राष्ट्राध्यक्ष, खाली सिनेटर, मग काँग्रेस, मग थेट काउंटी कमिशनरपर्यंत. याला इथे 'लाइन' म्हणतात. बाकीचे उमेदवार कुठेतरी कडेला, कधी मध्ये रिकामे रकाने सोडून, कधी भलत्याच पदाच्या उमेदवाराच्या शेजारी. मतदार वरचं ओळखीचं नाव बघतो आणि त्याच रकान्यात सरळ खाली उतरतो. त्यामुळे लाइन मिळाली की प्रायमरी जवळपास खिशात. आणि ती कुणाला द्यायची हे काही काउंट्यांत एकटा चेअरमन ठरवायचा.

२०२३ मध्ये सिनेटर मेनेंडेझ यांच्यावर लाचखोरीचं आरोपपत्र आलं (घरात सोनं सापडलं ते प्रकरण आठवत असेल). त्यांच्या जागेसाठी तेव्हाच्या गव्हर्नरांच्या पत्नी टॅमी मर्फी उभ्या राहिल्या. त्याआधी कुठलीही निवडणूक न लढवलेल्या, पण मोठमोठ्या काउंट्यांच्या चेअरमननी लगेच पाठिंबा दिला. समोर होते अँडी किम, निवडून आलेले खासदार. ते सरळ कोर्टात गेले. मार्च २०२४ मध्ये मर्फीबाईंनी माघार घेतली आणि त्याच महिन्याच्या शेवटी फेडरल न्यायाधीशांनी डेमोक्रॅटिक प्रायमरीपुरती लाइन थांबवली. किम आज सिनेटर आहेत.

चांगलं झालं. पण त्याआधीच्या कित्येक निवडणुकांत लोक घरी जाताना "मी माझ्या मर्जीने मत दिलं" असंच समजत होते ना?

मुळामुठेचा वकील

तुमच्याच उदाहरणाने तुमचा मुद्दा पडतो, साहेब. गव्हर्नरच्या बायकोविरुद्ध एक खासदार कोर्टात जातो, निवडणुकीच्या आधी आदेश मिळतो, आणि मतपत्रिका खरोखर बदलून छापल्या जातात! आमच्याकडे शिवसेना फुटली जून २०२२ ला. कोण अपात्र, कोण पात्र यावर विधानसभाध्यक्षांचा निर्णय आला जानेवारी २०२४ मध्ये. तोवर सरकार निवांत चाललं.

आणि प्रायमरीत लोक उमेदवार तरी निवडतात. आमच्याकडे एबी फॉर्म (पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा कागद) शेवटच्या दिवशी दुपारी कुणाच्या हातात पडेल हे त्या उमेदवारालाही ठाऊक नसतं. जुलै २०१७ मध्ये रिपब्लिकन सिनेटर मॅकेन यांनी स्वतःच्या पक्षाचं आरोग्यविमा विधेयक भर सिनेटमध्ये अंगठा खाली करून पाडलं. इथे पक्षाचा व्हिप मोडून असं केलं तर खासदारकी जाते, १९८५ पासून घटनेच्या दहाव्या परिशिष्टात तशी तरतूद आहे. मग मोकळं कोण?

खवचटराव

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. दोन्हीकडच्या लोकांना दुसरीकडची लोकशाही बरी वाटतेय असं प्राथमिक निरीक्षण.

रारिटनकाठ

@वकील, धागा अमेरिकेवर आहे. आपल्याकडे वाईट आहे म्हणून इथलं चांगलं ठरत नाही. आणि कोर्टाने वाचवलं म्हणता तर विस्कॉन्सिन बघा. २०१८ मध्ये तिथल्या असेंब्लीसाठी (राज्याच्या विधानसभेसाठी) राज्यभरात डेमोक्रॅट उमेदवारांना निम्म्याहून जास्त मतं मिळाली. जागा किती? ९९ पैकी ३६. (काही ठिकाणी लढतच नव्हती, त्यामुळे मतांचा आकडा थोडा फुगलेला आहे हे मान्य. तरी ३६?) मतदारसंघांचे नकाशे ज्यांनी आखले तेच त्या नकाशांवर निवडून येत होते. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की पक्षीय स्वार्थासाठी आखलेल्या नकाशांत फेडरल कोर्टं पडणार नाहीत. झालं, वरचा दरवाजा बंद. विस्कॉन्सिनचा नकाशा शेवटी बदलला तो २०२४ ला, राज्याच्या कोर्टाने आधीचा रद्द केल्यावर.

आपल्याकडे लाख दोष असतील, पण मतदारसंघाच्या सीमा आमदार स्वतः बसून आखत नाहीत.

ह्यूस्टनकर

धाग्यात एकच बाजू चाललीय म्हणून लिहितो. अमेरिका हा राज्यांचा संघ आहे. राष्ट्राध्यक्ष राज्यं निवडतात, ५३८ इलेक्टर्समार्फत (म्हणजे राज्यागणिक वाटून दिलेल्या प्रतिनिधींमार्फत), २७० ला बहुमत. २०१६ ला हिलरींना २८ लाखांहून जास्त मतं अधिक पडली हे रडगाणं आता पुरे. नियम आधीपासून माहीत होते, दोन्ही बाजूंनी त्याच नियमांनी प्रचार केला. उद्या थेट मतं मोजायची म्हटली तर उमेदवार लॉस एंजेलिस, शिकागो, न्यू यॉर्क सोडून फिरकणार नाहीत. आयोवाच्या शेतकऱ्याला कोण विचारणार? आणि २०२४ ला ट्रम्प यांना दोन्हीकडे आघाडी मिळाली, तेव्हा ही पद्धत एकाच पक्षाच्या सोयीची आहे असंही म्हणता येत नाही.

सिनेटमध्ये प्रत्येक राज्याला दोन जागा, ही १७८७ ची तडजोड. ती नसती तर लहान राज्यं संघात आलीच नसती.

रारिटनकाठ

१७८७ ला ठीक होतं हो. आज वायोमिंगची लोकसंख्या सहा लाखांच्या आत आणि कॅलिफोर्नियाची चार कोटींच्या घरात. दोघांना सिनेटर दोन-दोन. राज्यसभेत महाराष्ट्राला १९ आणि गोव्याला १ जागा आहे म्हणून गोवा संघराज्यातून निघून गेला नाही. वॉशिंग्टन डीसीचे सात लाख लोक पूर्ण टॅक्स भरतात आणि सिनेटर शून्य. ते तर गाडीच्या नंबरप्लेटवरच तशी तक्रार छापून फिरतात.

आणि आयोवाच्या शेतकऱ्याला आता तरी कोण विचारतंय? नोव्हेंबरच्या प्रचाराचा सगळा पैसा पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, जॉर्जिया वगैरे पाच-सात राज्यांत ओतला जातो. तुमचं टेक्सास आणि माझं जर्सी, दोघांचीही मतं जमेला धरलेली.

डेट्रॉइटवाली

मिशिगनचं नाव निघालंच म्हणून एक जवळचं उदाहरण. आमचे खासदार श्री ठाणेदार, बेळगावचे. ऑगस्ट २०२२ च्या प्रायमरीत ते साधारण २८ टक्के मतांवर जिंकले. समोर बरेच उमेदवार, त्यात आठ-नऊ वाटे पडले. हा मतदारसंघ इतका पक्का डेमोक्रॅट आहे की नोव्हेंबरची निवडणूक म्हणजे नुसता उपचार. म्हणजे उन्हाळ्यात थोड्या लोकांनी दिलेल्या मतांच्या पाव भागाहून थोड्याच जास्त हिश्शावर खासदार ठरला. शिवाय प्रचारात त्यांनी स्वतःच्या खिशातले लाखो डॉलर घातले होते. २०१८ ला गव्हर्नरपदासाठी तर त्याहूनही जास्त घातले, तेव्हा पडले.

मराठी माणूस काँग्रेसमध्ये गेला याचा मला आनंदच झाला. पण डेट्रॉइटमध्ये बहुसंख्य कृष्णवर्णीय आहेत, आणि कित्येक दशकांत पहिल्यांदा या शहराचा काँग्रेसमध्ये एकही कृष्णवर्णीय प्रतिनिधी उरला नाही. माझ्या शेजारच्या आजी १९६५ चा मतदान हक्क कायदा व्हायच्या आधी अलाबामातून इकडे आल्या. त्या ठाणेदारांबद्दल वाकडा शब्द बोलत नाहीत. एवढंच म्हणाल्या, "आमची पोरं एकमेकांविरुद्ध उभी राहिली आणि पैसेवाला निघून गेला." यात कायदा कुणी मोडला नाही, उभं राहायला कुणी कुणाला अडवलं नाही. मग याला मोकळं म्हणायचं की नाही, मला खरंच ठरवता येत नाही.

मुळामुठेचा वकील

@डेट्रॉइटवाली, ते मोकळंच. त्याचा निकाल आवडला नाही तर तो दोष मोजणीच्या पद्धतीचा, स्वातंत्र्याचा नाही. आपल्या लोकसभेतही चौरंगी लढतीत तीस टक्क्यांवर लोक निवडून येतात.

खरी कसोटी हरणारा सत्ता सोडतो का ही. २०२० नंतर साठाच्या वर खटले झाले, जवळपास सगळे फेटाळले गेले, आणि फेटाळणाऱ्यांत ट्रम्प यांनीच नेमलेले न्यायाधीश होते. २ जानेवारी २०२१ ला खुद्द राष्ट्राध्यक्षांनी जॉर्जियाच्या निवडणुका सांभाळणाऱ्या रॅफेन्स्पर्गर यांना फोन करून ११,७८० मतं शोधायला सांगितली. गृहस्थ त्यांच्याच पक्षाचे. नाही म्हणाले. संस्था म्हणतात त्या ह्याच.

रारिटनकाठ

संस्था नव्हे, तो एक माणूस होता. त्याच्या खुर्चीत दुसरा असता तर? ६ जानेवारीला ट्रम्प समर्थकांनी संसदेत घुसून काय केलं ते विसरलात बहुतेक.

लेक परदेशी

नाशिकहून लिहितेय. तुम्ही बोलण्याच्या स्वातंत्र्याला फारच सहज सोडून दिलंत. टफ्ट्स विद्यापीठातल्या एका तुर्की विद्यार्थिनीने कॉलेजच्या पेपरात चौघांत मिळून एक लेख लिहिला. मार्च २०२५ मध्ये तोंड झाकलेल्या लोकांनी तिला भर रस्त्यात धरून नेलं, व्हिसा रद्द केला. सहाएक आठवडे कोठडीत होती. त्यानंतर विद्यार्थी व्हिसाच्या अर्जदारांनी आपली सोशल मीडिया खाती सगळ्यांना दिसतील अशी ठेवायची, असा फतवा निघाला. माझ्या मुलाची मुंबईला मुलाखत होती. त्याआधीची रात्र आम्ही दोघांनी त्याच्या जुन्या पोस्ट खाली-वर करत काढली. 'लाइक' केलेली कार्टूनंसुद्धा काढून टाकली. झेंडा जाळणं हेही बोलण्याचं स्वातंत्र्यच, असा १९८९ चा निकाल देणारा देश तो हाच ना?

ह्यूस्टनकर

ताई, धागा तिथल्या नागरिकांबद्दल आहे. पाहुण्याला यजमानाचे हक्क कुठल्याच देशात नसतात. आणि त्या मुलीला सोडलं तेही तिथल्याच न्यायाधीशाने.

लेक परदेशी

सहा आठवड्यांनी.

डेट्रॉइटवाली

@ह्यूस्टनकर, एच-वनवर टॅक्स भरत वर्षानुवर्षं ग्रीन कार्डच्या रांगेत उभे असलेले आपले अर्धे मित्र 'पाहुणे' का? गणेशोत्सवाची वर्गणी मागायला जाताना हे सांगून बघा.

मुळामुठेचा वकील

पुन्हा नकाशांकडे येऊ, कारण धागाकर्त्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा तोच आहे आणि तिथेच मला शंका आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये टेक्सासने जनगणनेची वाट न बघता मध्येच नवा नकाशा केला, रिपब्लिकनांच्या पाच जागा वाढाव्यात म्हणून. उत्तरादाखल कॅलिफोर्नियाने डेमोक्रॅटांना फायद्याचा नकाशा काढला. पण तिथे स्वतंत्र आयोग असल्याने लोकांना विचारावं लागलं. नोव्हेंबरमध्ये लोकांनी भरघोस बहुमताने हो म्हटलं आणि काही निवडणुकांपुरता स्वतःचाच निष्पक्ष आयोग बाजूला ठेवला. तर @रारिटनकाठ, हे मत मुक्त की अमुक्त?

रारिटनकाठ

मी तिथे असतो तर मीही होच म्हटलं असतं, आणि त्याचा मला रागही आला असता. टेक्सासने दुसरा पर्याय ठेवला नव्हता.

ह्यूस्टनकर

घ्या! म्हणजे तुमच्या बाजूने काढला की नकाशा चालतो. आम्हाला टेक्सासमध्ये निदान असं मतदान घेऊन दाखवायचं नाटक तरी करावं लागलं नाही.

खवचटराव

@ह्यूस्टनकर, हे वाक्य परत एकदा सावकाश वाचा, आणि मग सांगा तुम्ही नक्की कुठल्या बाजूने भांडत होतात.