होणाऱ्या नवऱ्याचा सिबिल रिपोर्ट बघितला, पण यातून नक्की काय समजायचं?

मिरजेची_मुलगी

नमस्कार सगळ्यांना. माझं लग्न ठरत आलंय, फक्त सुपारी फुटायची बाकी आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत मूर्तिजापूरला मुलाचं सिबिल, म्हणजे कर्ज कसं फेडलं याची नोंद आणि त्यावरचा स्कोअर, बघून लग्न मोडल्याची बातमी आली होती ना, तेव्हापासून बाबांनी धोशा लावलाय की मुलाचं सिबिल बघायचं म्हणजे बघायचं. मला विचारायलाच कसंतरी वाटत होतं पण शेवटी त्याला सरळ सांगितलं, तर तो म्हणाला बघ की, आणि शनिवारी भेटलो तेव्हा चहा येईपर्यंत मोबाइलवर अख्खा रिपोर्ट उघडून माझ्या हातात दिला. मीपण माझा काढून दाखवला.

त्याचा स्कोअर ६९४. माझा तर आकडाच नाही, उणे एक लिहिलंय, कारण मी आजवर एक रुपयाचं कर्ज घेतलेलं नाही, कार्ड नाही, पगारातून आरडी आणि थोडं थोडं सोनं एवढंच.

त्याच्या रिपोर्टात चार खाती दिसली. एक क्रेडिट कार्ड, त्यापुढे सेटल्ड असं लिहिलंय, २०२२ च्या फेब्रुवारीत, आणि ३८,४१२ रुपये राइट ऑफ. एक पर्सनल लोन दीड लाखाचं, १४ मे २०२१ ला घेतलेलं, २०२४ मध्ये बंद. एक बाइकचं लोन चालू आहे. आणि चौथं एक टेम्पोचं लोन आहे साडेसहा लाखाचं, त्यात हा गॅरंटर म्हणजे जामीनदार आहे. प्रत्येक खात्याखाली महिन्यांचे चौकोन आहेत, त्यात ०००, ०२८ असे आकडे. शिवाय गेल्या सप्टेंबरात एकाच दिवशी चार एन्क्वायरी, म्हणजे कर्ज देणाऱ्यांनी त्याचा रिपोर्ट मागवल्याच्या नोंदी, दिसतात.

बाबा सेटल्ड शब्दावर अडलेत, म्हणतात याने बँकेला बुडवलंय. तो म्हणतो २०२१ ला वडील कोविडने ॲडमिट होते तेव्हाचं आहे ते. मला त्याच्यावर विश्वास ठेवायचाय, पण डोळे मिटून नाही. जाणकारांनी सांगा, हा रिपोर्ट माणसाबद्दल किती सांगतो?

कर्जविभाग_२६_वर्षं

बेटा, आधी एक गोष्ट चांगली केलीस की त्याच्यासमोर बसून बघितलंस. पीडीएफ व्हॉट्सॲपवर मागवू नका, त्यात पॅन नंबर, जुने नवे पत्ते, फोन नंबर सगळं असतं आणि ते मामा काका आत्या असं फिरत जातं.

मी २६ वर्षं कर्ज विभागात काढली. स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो हे सगळ्यांना माहीत आहे, पण आम्ही फाइल बघायचो तेव्हा आकड्यावर नजर टाकून लगेच खालच्या त्या चौकोनांकडे जायचो कारण खरी गोष्ट तिथे लिहिलेली असते. त्या चौकोनांना डीपीडी म्हणतात, म्हणजे हप्त्याची तारीख उलटून किती दिवस झाले. ००० म्हणजे वेळेवर. एका खात्याचे ३६ महिन्यांपर्यंतचे चौकोन दिसतात, आणि खातं बंद झालं तरी बंद होण्याआधीचे तसेच राहतात, म्हणून तुला २०२१ चं अजून दिसतंय.

आता त्याच्या कार्डाचे चौकोन महिन्यावार लावून बघ. मे २०२१ पर्यंत ००० असेल, मग जूनला ०२८, जुलैला ०५९, ऑगस्टला ०९०, असं चढत गेलेलं असेल तर अर्थ हा की मे संपल्यावर पैसे भरणं एकदम थांबलं. कधी भरलं, कधी विसरलं असं ते नाही. आता शेजारी पर्सनल लोनची तारीख ठेव, १४ मे २०२१. दुसरी लाट, हॉस्पिटलची बिलं, हातात पैसा नाही म्हणून दीड लाख काढले आणि कार्ड अंगावर आलं. त्या दीड लाखाचे चौकोन शेवटपर्यंत ००० असतील तर माझ्या दृष्टीने त्या पोराने दोन्हीतलं एक धरून ठेवलं आणि ते शेवटपर्यंत फेडलं. त्याने सांगितलेलं आणि रिपोर्टातल्या तारखा जुळतात का हे असं बघायचं असतं.

सेटल्ड म्हणजे बुडवलं असं नाही, पण पूर्ण फेडलं असंही नाही. बँकेने तडजोड केली, काही रक्कम घेतली आणि बाकीचे ३८,४१२ सोडून दिले. पुढची बँक मात्र हा शब्द बघून कचरते, आणि ही माहिती किमान सात वर्षं ठेवली जाते, त्यामुळे उद्या घरासाठी कर्ज घ्यायला गेलात की हा विषय निघणारच. त्यावर उपाय आहे. त्याने त्या बँकेला लेखी विचारावं की उरलेली रक्कम आज किती होते, ती भरावी, आता काही देणं नाही असं नो ड्यूजचं पत्र घ्यावं आणि स्टेटस क्लोज्ड करून मागावं.

चार एन्क्वायरीचं फार मनावर घेऊ नकोस. शोरूमवाले गाडीची एकच फाइल चार कंपन्यांना पाठवतात आणि चौघेही रिपोर्ट ओढतात, तसं काही झालंय का विचार. स्वतःचा रिपोर्ट स्वतः बघितल्याने स्कोअर कमी होत नाही, तेव्हा तुम्ही शनिवारी बघितलात त्याने काहीही बिघडलेलं नाही.

मला काळजी वाटते ती चौथ्या खात्याची. त्या टेम्पोच्या कर्जाचे शेवटचे दोन तीन चौकोन काय आहेत ते आधी सांग. कार्ड जुनं दुखणं आहे. जामीन चालू आहे.

तुझ्या उणे एकबद्दल, तो दोष नाही, फक्त इतिहास नाही एवढंच. पहिल्यांदा कर्ज घेणाऱ्याला इतिहास नाही या एका कारणावरून नाकारू नये असं रिझर्व्ह बँकेने सांगितलंय आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये सरकारनेही लोकसभेत तेच स्पष्ट केलं.

गावाकडचा_इंजिनिअर

काकांनी छान सांगितलंय पण ताई एक गोष्ट लक्षात घे, तू बघतेयस ते फक्त बँका आणि फायनान्स कंपन्यांच्या वहीतलं आहे. माझ्या वडिलांचा स्कोअर ७८१ आहे, कुणी बघितलं तर म्हणेल काय सोन्यासारखं घर आहे, आणि त्याच वेळी गावातल्या पतसंस्थेचं चार लाखाचं कर्ज, आडत्याकडून घेतलेली उचल आणि चुलत्याचे हातउसने एक लाख, यातलं एक अक्षर त्या रिपोर्टात नाही. भिशी नाही, सावकार नाही, शेजाऱ्याकडून घेतलेलं नाही.

आणि उलटं पण होतं. माझा स्वतःचा स्कोअर दोन वर्षांपूर्वी ७०० च्या खाली होता, मी एकदाही हप्ता चुकवलेला नाही, बिल दर महिन्याला पूर्ण भरायचो, पण कार्डाचं लिमिट ५० हजार आणि वापर ४५, ४६ हजार, घरचं किराणा, मेस, विमा सगळं त्यावरच, तर त्यांना वाटतं हा माणूस गळ्यापर्यंत आलाय. लिमिट वाढवून घेतलं, वापर तीस टक्क्यांच्या आत ठेवला, काही महिन्यांत आकडा सुधारला. माझ्या पगारात, माझ्या सवयीत काहीच बदललं नव्हतं.

पगार त्यात नसतो, एफडी नाही, एसआयपी नाही, सोनं नाही, जमीन नाही. तू आरडी टाकून सोनं घेतलंस त्याची दखल त्या कागदात कुठेच नाही आणि तुझ्या बाबांना मी आदराने सांगेन की काका, स्कोअर बघून पोरगा श्रीमंत की गरीब हे कळत नाही, फक्त उधार घेतल्यावर कसा वागतो तेवढं कळतं. बाकीचं तोंडाने विचारावं लागतं, घरात कुणाचे देणे आहेत का, बहिणीच्या लग्नाचं काही बाकी आहे का. हे विचारायला लाजू नकोस.

डोंबिवलीकर_ताई

आणि रिपोर्टात लिहिलंय म्हणजे ते खरंच आहे असंही धरून चालू नका हो. मी गेल्या वर्षी होम लोनला गेले तर माझ्या नावावर परभणीच्या शाखेतलं ट्रॅक्टरचं कर्ज, थकलेलं. मी आयुष्यात परभणीला गेलेले नाही. नाव आणि जन्मतारीख जुळली म्हणून कुणाचं तरी मला चिकटवलेलं. आधी बँकेत गेले तर म्हणे सिबिलला सांगा, सिबिलला तक्रार टाकली तर त्यांचं उत्तर की बँकेने दुरुस्ती पाठवल्याशिवाय आम्ही बदलू शकत नाही, आणि इकडे आमचं सॅंक्शन अडकलेलं, बिल्डरचे फोन. रात्री झोप लागायची नाही मला, चूक केली नाही तरी आपणच चोर असल्यासारखं वाटतं.

मग कळलं की २०२४ च्या एप्रिलपासून नियम आहे, तक्रार ३० दिवसांत सुटली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि बँकेला तिची दुरुस्ती २१ दिवसांत पाठवावी लागते. हे मी मेलमध्ये तारखांसकट लिहिलं. ४७ व्या दिवशी ते कर्ज माझ्या रिपोर्टातून गेलं आणि १,७०० रुपये खात्यात आले. तरीही ऐकलं नसतं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, सिबिलसारख्या कंपन्याही २०२२ पासून त्याच्या कक्षेत आहेत.

म्हणून त्याला सांग, एकाच कंपनीचा बघून थांबू नको. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क अशा चार कंपन्या आहेत, वर्षातून एकदा प्रत्येकीने पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो. एकीत असतं ते दुसरीत नसतं असंही होतं.

लग्नानंतर दोघांचे स्कोअर एक होत नाहीत हं, ती भीती काढून टाक. जॉइंट कर्ज घेतलंत तर ते तेवढं दोघांच्याही रिपोर्टात येतं.

मिरजेची_मुलगी

काका, तुम्ही विचारलं म्हणून त्याला परत उघडायला लावलं. कार्डाचे चौकोन अगदी तुम्ही लिहिलेत तसेच आहेत, ०२८, ०५९, ०९०, १२०, आणि दीड लाखाच्या कर्जाला पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळी शून्यं. ते मी बाबांना बोट ठेवून दाखवलं. ते काही बोलले नाहीत पण चष्मा लावून दोनदा वाचलं.

टेम्पोच्या कर्जाला मात्र ऑगस्टला ०२६ आणि सप्टेंबरला ०५६ आहे. हे बघून त्याचाच चेहरा उतरला, त्याला माहीतच नव्हतं. टेम्पो त्याच्या आतेभावाचा आहे, विट्याचा. मेसेज येत होता म्हणे पण त्याला वाटलं जाहिरातीचा आहे. एन्क्वायरी खरंच बाइकच्या शोरूमच्याच, जुनी विकून नवी घ्यायचा विचार होता, मग घेतली नाही.

कर्जविभाग_२६_वर्षं

०५६ म्हणजे दुसरा हप्ताही गेलेला आहे. ९० दिवस उलटले की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्ज, होतं, त्याआधी काही करायला वेळ आहे. कायद्याने जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच असते, १८७२ च्या करार कायद्याचं कलम १२८. बँकेला आधी आतेभावाकडे जा, मग माझ्याकडे या असं तो सांगू शकत नाही. आजच्या आज फोन करायला सांग, आणि किती थकबाकी आहे ते बँकेकडून लेखी घ्या, आतेभावाच्या तोंडी सांगण्यावर राहू नका. २०२५ पासून बँका निदान पंधरा दिवसांतून एकदा तरी माहिती पाठवतात, त्यामुळे भरलं की रिपोर्टातही लवकर दिसेल.

मिरजेची_मुलगी

काल रविवारी तो आणि माझे बाबा दोघेच विट्याला जाऊन आले. बाबा स्वतःहून म्हणाले मी येतो. आतेभावाचा टेम्पो महिनाभर गॅरेजला होता, भाडी बंद, म्हणून हप्ते राहिले, आणि लाजेपायी याला सांगितलं नाही. टेम्पो आता सुरू आहे. एक हप्ता त्याने भरला, एक आज याने भरला, दोन्ही पावत्या मी बघितल्या. कार्डाच्या बँकेला मेल गेलाय, उरलेली रक्कम कळवा म्हणून. त्याच्या घरी आणखी कुणाचे देणे आहेत का हेही मी इथल्या इंजिनिअर दादाने सांगितल्याप्रमाणे विचारलं, तर बहिणीच्या बाळंतपणाला मामाकडून घेतलेले साठ हजार अजून द्यायचेत असं त्याने सांगितलं, आणि मग मीही आमच्या घराच्या स्लॅबचं पतसंस्थेचं कर्ज सांगितलं, जे माझ्या उणे एकमध्ये त्याला कधीच दिसलं नसतं.